हात मोकळे, मन गुंतलेले

संस्थेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा दरवर्षी होते आणि दरवर्षी मी बालदमा, लसीकरण, मुलांचा आहार अशा नेहमीच्या विषयांपैकी एखादा निवडून त्या आज्ञेतून मोकळा होतो. यंदा मात्र विषय आहे मोटारगाडी. बालरोगतज्ज्ञाने मोटारीवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. ‘डॉक्टरांनी नवी गाडी घेतली, तिचे कौतुक आता आम्ही वाचायचे!’ असेही कुणी म्हणेल. त्या सर्वांना विनंती एवढीच की, लेख शेवटपर्यंत वाचावा. गाडीचे कौतुक त्यात आहेच. परंतु लेख त्यासाठी लिहिलेला नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीची कबुली देण्यासाठी तो लिहिला आहे आणि ती कबुली समव्यवसायी मित्रांसमोर द्यावी, असे मनापासून वाटले.

मी १९९९ साली बेळगावात टिळकवाडीत दवाखाना सुरू केला, तेव्हा माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. शहापुरातील घरापासून दवाखान्यापर्यंत जायला पंधरा-वीस मिनिटे लागत. रेल्वे गेट बंद असले तर आणखी दहा. त्या अर्ध्या तासात जगातील कोणीही माझ्याशी बोलू शकत नसे. घरी फोन आला, तर आमच्या सौ. तो घेत आणि टेलिफोनशेजारी ठेवलेल्या लांबट वहीत निरोप लिहून ठेवीत. सुरुवातीला त्या फक्त नाव आणि नंबर लिहीत. पुढे माझ्या वैतागाला कंटाळून त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली. मुलाचे नाव, वय, वजन, कधीपासून बरे नाही, शू शेवटची केव्हा झाली आणि घरात कोणते औषध आहे, बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचून सांगा! वैद्यकशास्त्राची एक ओळही न शिकलेली ही बाई एवढे सगळे विचारून घेई आणि मग सांगे, “डॉक्टर आले की फोन करतील.” मी घरी येऊन, हातपाय धुऊन, वही समोर घेऊन एकेक फोन करीत असे. त्या वहीचे मोल मला तेव्हा कळले नाही. ते कळायला पंचवीस वर्षे आणि एक महागडी गाडी लागली.

गाडी आमच्या चिरंजिवांनी निवडली. ते पुण्यात संगणक क्षेत्रात आहेत. “बाबा, या वयात तुम्ही उंच, मजबूत आणि ‘कनेक्टेड’ गाडी चालवली पाहिजे,” असा त्यांचा आग्रह. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी हार, नारळ, पेढे हे सारे यथासांग झाले. त्यानंतर तेथील एका चुणचुणीत तरुणाने मला गाडी ‘समजावून’ दिली. इंजिन, ब्रेक, टायर आणि जॅक यांना मिळून दहा मिनिटे आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्याला पाऊण तास! त्याने माझा फोन गाडीशी जोडला. क्षणार्धात माझी अडीच हजार नावांची यादी, त्यात ‘चिकू ताप शहापूर’, ‘जुळी अनगोळ’ अशी माझी खास नावेसुद्धा, गाडीच्या पोटात उतरली. फोन आता गाडीच्या पडद्यावर वाजणार, संदेश गाडी मोठ्याने वाचून दाखवणार आणि मी नुसते तोंडाने सांगितले की उत्तरही पाठवणार. “सर, तुमचे हात कायम स्टिअरिंगवर,” तो अभिमानाने म्हणाला.

ही किमया तशी फार जुनी नाही. ॲपलने ‘कारप्ले’ २०१४ साली जाहीर केले, गूगलचे ‘अँड्रॉइड ऑटो’ २०१५ साली आले आणि २०१९च्या सुमारास आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांतही इंटरनेट जोडणीची जाहिरात होऊ लागली. आता तर पडदा किती इंचांचा, हा प्रश्न गाडी किती किलोमीटर धावते या प्रश्नाच्या आधी विचारला जातो.

पहिले काही महिने मी अक्षरशः मुलासारखा हरखून गेलो होतो. आमच्या गाडीतील रस्ता सांगणारी बाई ‘अनगोळ’ आणि ‘हिंडलगा’ यांचे उच्चार असे करी की, मागे बसलेली नात खिदळत सुटे. बेळगावी मराठीत दिलेली आज्ञा त्या यंत्राला कधीच कळली नाही. “घराकडं फोन लाव की गं,” म्हटले की ती विनम्रपणे एखादे गाणे लावी. पण हे विनोद सोडले तर या तंत्राने मला खरोखर काही दिले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मागचा कॅमेरा ही मी बालरोगतज्ज्ञ म्हणून सर्वांत मोठी देणगी मानतो. अंगणात गाडी मागे घेताना चाकाखाली सापडलेले दोन वर्षांचे मूल ज्याने एकदा तपासले आहे, त्याला त्या कॅमेऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. समोरचे वाहन एकदम थांबले तर स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा, टायरमधील हवा कमी झाल्याची सूचना, रात्री-अपरात्री अनोळखी वस्तीत नेमका रस्ता दाखवणारा नकाशा, हे सारे माणसाचा जीव वाचवणारे आहे. तंत्रज्ञानाला नावे ठेवणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. माझी तक्रार यंत्राविषयी कमी आणि स्वतःविषयी अधिक आहे.

आता मूळ प्रसंग सांगतो.

२०२३च्या पावसाळ्यात एका परिषदेसाठी आम्ही उभयता पणजीला निघालो होतो. जांबोटी सोडली आणि धुके सुरू झाले. कणकुंबी मागे पडली. पाऊस असा की, काचेवरील वायपर पूर्ण वेगाने फिरूनही समोरचे वीस-पंचवीस फूटच दिसावेत. तेवढ्यात गाडीभर घंटी वाजली आणि पडद्यावर एका परिचित आईचे नाव उमटले. तिच्या दहा महिन्यांच्या मुलाला मी आठच दिवसांपूर्वी लस दिली होती. मी चाकावरील बटण दाबले.

“डॉक्टर, पोराला ताप चढलाय ओ. एकशे दोन दाखवतंय. तापाचं औषध आहे घरात, किती देऊ?”

मूल माझ्या माहितीचे, वजन नऊ किलो, हेही आठवत होते. प्रश्न दिवसातून वीस वेळा ऐकलेला. ती आणखीही काही बोलत होती, पण समोरून एक मालट्रक वळणावर आला, त्याचे दिवे धुक्यातून एकदम अंगावर आले आणि मी गाडी कडेला घेत, तोंडाने म्हणालो, “पाच मिली द्या. ताप राहिला तर दर सहा तासांनी. घाबरू नका.” ट्रक गेला. फोन बंद झाला. एक काम हातावेगळे केल्याचे समाधान मला वाटले, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दोन-तीन वळणे गेली असतील. शेजारी बसलेल्या सौ. जरा चाचरत म्हणाल्या, “अहो, त्या बाटलीला ड्रॉपर आहे, असं काहीतरी म्हणत होत्या ना?”

वाचकांपैकी जे डॉक्टर आहेत, त्यांच्या पोटात या वाक्याने काय झाले असेल, ते मला ठाऊक आहे. जे डॉक्टर नाहीत, त्यांच्यासाठी थोडे गणित मांडतो. पॅरासिटामॉल हे तापाचे औषध लहान मुलांसाठी दोन रूपांत मिळते. नेहमीच्या सिरपच्या पाच मिलीत साधारण १२५ मिलिग्रॅम औषध असते. तान्ह्या बाळांना थोडक्या थेंबांत देता यावे म्हणून केलेले जे ‘ड्रॉप्स’ असतात, त्यांच्या एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे ड्रॉप्स हे सिरपच्या चौपट तीव्र. नऊ किलोच्या मुलाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने सुमारे १३५ मिलिग्रॅम पुरतात. सिरप पाच मिली दिले तर योग्य. परंतु ड्रॉप्स पाच मिली दिले तर ५०० मिलिग्रॅम! एका वेळच्या तेवढ्या मात्रेने यकृत निकामी होत नाही, हे खरे. पण मी ‘दर सहा तासांनी’ असेही सांगून बसलो होतो. ड्रॉप्सची पंधरा मिलीची बाटली तीन वेळांत, म्हणजे पहिल्या बारा तासांतच संपली असती आणि आज्ञाधारक आईने दुसरी आणली असती. मग पुढे काय होते, ते आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते आणि आपल्या रुग्णाच्या बाबतीत ते कधीही पाहावे लागू नये, अशी प्रार्थना करीत असतो.

मी तत्काळ परत फोन लावू गेलो. पडद्याने शांतपणे कळवले की, संपर्क उपलब्ध नाही. घाटातील तो पट्टा मूक होता. लाखो रुपयांची ‘कनेक्टेड’ गाडी त्या क्षणी एका स्कूटरइतकीच एकाकी होती; फरक इतकाच की, स्कूटरवरून मी कुणाला काही सांगितलेले नसे. पुढे जावे तर गोव्याच्या बाजूचा उतार संपेपर्यंत किती वेळ जाईल याचा नेम नाही. म्हणून रुंद जागा पाहून गाडी वळवली आणि धुक्यातून परत कणकुंबीच्या दिशेने निघालो. ती वीस-पंचवीस मिनिटे माझ्या पंचवीस वर्षांच्या व्यवसायातील फार लांब मिनिटे होती. सौ. एक शब्द बोलल्या नाहीत. हातातला फोन उंच धरून त्या तेवढ्या संपर्काची वाट पाहत होत्या.

फोन लागला, तो मुलाच्या आजीने उचलला. मी एका दमात विचारले, “औषध दिलंत का?”

“नाही दिलं ओ डॉक्टर अजून,” आजी म्हणाल्या. “हिला मी म्हटलं, ह्या बाटलीची नळी एवढीशी. पाच वेळा भरून एवढ्या लेकराला कोण देतंय? मोठ्या बाटलीचं सांगितलं असतील. डॉक्टरांचा परत फोन येऊ दे. तोवर अंग पुसून काढलंय बघा.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी केली, इंजिन बंद केले, आजींना बाटलीवरची अक्षरे सुनेकडून वाचून घ्यायला लावली आणि मग सांगितले, “सव्वा मिली.” त्यानंतर बराच वेळ मी गाडी सुरू केली नाही.

वाचकहो, या प्रसंगात कायद्याच्या दृष्टीने माझा काहीही दोष नव्हता. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरले गेले. माझ्या हातात फोन नव्हता. दोन्ही हात चाकावर, डोळे रस्त्यावर, पट्टा बांधलेला, वेग कमी. यंत्राने जे वचन दिले होते, ते त्याने शब्दशः पाळले होते. माझे हात मोकळे होते. गुंतले होते ते मन. आणि गाडी चालवायला लागते ते मन, औषधाची मात्रा ठरवायला लागते तेही मनच.

या बाबतीत विज्ञान काय सांगते, ते आपल्यासारख्यांनी तरी पाहिले पाहिजे. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांचा टोरांटोतील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अपघात झालेल्या ६९९ फोनधारक चालकांचे दूरध्वनीचे तपशील तपासले. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणांनी त्यात काहीही फायदा झालेला दिसला नाही. पुढे २००३ साली युटा विद्यापीठातील स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, हात मोकळे ठेवून फोनवर बोलणारा चालक समोरच्या फलकाकडे पाहतो, त्याची नजर तेथे स्थिरावते. तरीही नंतर विचारले तर त्याला तो फलक आठवत नाही. डोळे पाहतात, मन नोंद घेत नाही. हे संशोधन झाले, तेव्हा आजचे पडदे नव्हते. आपण रोग ओळखून पंचवीस वर्षे झाली आणि औषध म्हणून त्याच रोगाचे नवे, अधिक गोड सिरप बाजारात आणले, असेच म्हणावे लागेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतोच की! मग फोननेच काय घोडे मारले? फरक त्या घाटातच मला दिसला. ट्रकचे दिवे दिसताच सौ. आपोआप गप्प झाल्या होत्या; त्यांनाही तोच रस्ता दिसत होता. फोनवरच्या आईला तो दिसत नव्हता. ती बोलत राहिली आणि नेमके त्याच दोन सेकंदांत तिने ड्रॉपरचा उल्लेख केला. शेजारचा माणूस आपला प्रवासी असतो, फोनवरचा माणूस आपल्याला प्रवासातून बाहेर ओढत असतो. त्या दिवशी मी एकाच वेळी दोन जिवांची जबाबदारी अंगावर घेतली होती. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीची आणि घरी तापाने फणफणलेल्या त्या मुलाची. दोघांनाही मी अर्धाच डॉक्टर आणि अर्धाच चालक मिळालो.

पडद्याविषयीही दोन शब्द. पूर्वी गाडीतील पंख्याचे बटण न पाहता हाताला सापडे. आता वाऱ्याचा झोत कमी करायचा तरी पडद्यावर चित्र शोधावे लागते. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते. ऐंशीच्या वेगाने चव्वेचाळीस. म्हणजे दोन सेकंद पडद्याकडे पाहिले की तेवढे अंतर आपण आंधळेपणाने कापतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ सालीच मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात एका वेळची नजर दोन सेकंदांहून अधिक रस्त्यावरून हलू नये, असे म्हटले आहे. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने तर २०२६पासून गुण देताना इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या काही मूलभूत गोष्टींसाठी खरी, हाताला लागणारी बटणे असण्याला महत्त्व दिले आहे. काळाचे चक्र असे फिरते!

दुसरी गोष्ट गुप्ततेची. आपला समाज लहान आहे. येथे प्रत्येक जण प्रत्येकाचा मामेभाऊ किंवा शाळासोबती. एकदा गाडीत मी, सौ. आणि त्यांच्या दोन मैत्रिणी असे निघालो असता, एका समव्यवसायी मित्राचा संदेश आला आणि माझे बोट पोहोचण्याआधी गाडीने तो वाचायला सुरुवात केली. एका मुलीचे नाव आणि तिच्या तपासणीचा निष्कर्ष. मी आवाज बंद केला. पण नाव उच्चारून झाले होते. मागच्या आसनावर एकदम शांतता पसरली. ती शांतता फार बोलकी होती. दवाखान्याच्या बंद दाराआड आपण जे जपतो, ते गाडीने चौघांत वाटून टाकले होते. दोष गाडीचा नव्हता. संदेश मोठ्याने वाचण्याची सोय बंद करता येते, हे मी शोधलेच नव्हते. जी गाडी आपण दुरुस्तीला देतो, ड्रायव्हरच्या ताब्यात देतो, चार वर्षांनी विकतो, तिच्या पोटात आपल्या रुग्णांची नावे राहतात. ती विकण्याआधी पुसावीत, हे तरी आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

तिसरी गोष्ट माझ्या खास क्षेत्रातील. मागच्या वर्षी एक तरुण दांपत्य अकरा महिन्यांच्या मुलीला घेऊन आले. तपासणी झाल्यावर वडिलांनी मोठ्या कौतुकाने मला बाहेर नेऊन नवी गाडी दाखवली. सहा एअरबॅग, छतावर काच, बारा इंची पडदा. गाडी त्यांच्याशी बोलते, हे त्यांनी मला बोलून दाखवले. मग ते निघाले, तेव्हा मुलगी आईच्या मांडीवर, पुढच्या आसनावर! पडद्यावरची रंगीत चित्रे पाहून ती हात नाचवीत होती आणि आईबापांना त्याचे कौतुक वाटत होते. मी धावत जाऊन काच वाजवली. अपघातात पुढची एअरबॅग पापणी लवण्याच्या आत फुगते. पट्टा बांधलेल्या प्रौढ माणसाला ती वाचवते. मांडीवरच्या बाळाच्या मानेवर तोच आघात प्राणघातक ठरू शकतो. लहान मुलाची जागा मागच्या आसनावर, त्याच्या वजन-उंचीला योग्य अशा, नीट बांधलेल्या बालासनात. चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालासन यांत सुरक्षित बसवणे २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेही बंधनकारक आहे आणि त्यासाठी एक हजार रुपये दंड आहे. ज्या वडिलांनी पडद्यासाठी वरच्या श्रेणीची गाडी निवडली, त्यांना बालासनाची किंमत त्या फरकाच्या मानाने किरकोळ होती. त्यांना ते सुचले नव्हते, कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. ‘कोणी’ म्हणजे कोण? गाडी विकणारा नव्हे. दीड महिन्याच्या पहिल्या लसीपासून त्या मुलीला पाहणारा मी!

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. एवढे मृत्यू एखाद्या साथीने घडवले असते, तर आपण परिषदा भरवल्या असत्या. ही साथ आपल्या अंगणात उभी असते, तिला आपण हार घालतो.

आता शेवटचा आणि खरा आक्षेप. तो मीही अनेक वर्षे स्वतःला ऐकवला आहे. “आपण डॉक्टर आहोत. आपल्याला फोन घ्यावाच लागतो. प्रसूतिगृहात नवजात बाळ निळे पडले असेल, तर?” उत्तर सरळ आहे. त्या बाळाला फोनवरच्या माझ्या आवाजाचा उपयोग जेमतेम. उपयोग आहे तो तेथे हजर असलेल्या प्रशिक्षित हातांचा आणि मी सुखरूप तेथे पोहोचण्याचा. “या” एवढा एक शब्द पुरतो. त्याहून अधिक बोलायचे असेल, तर गाडी कडेला घ्यायला एक मिनिट लागते. आणि उरलेले नव्याण्णव फोन? ते अर्ध्या तासाने केले तर काही बिघडत नाही, उलट बरे होते. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे स्पष्टच केले आहे की, फोनवरचा सल्ला हाही वैद्यकीय सल्लाच. त्याची जबाबदारी तीच आणि त्याची नोंदही ठेवायची. चाकावर हात असताना नोंद कोण ठेवणार? जो सल्ला मी लिहून ठेवू शकत नाही, तो मी देऊ नये, इतका साधा नियम मला घाटात जाऊन शिकावा लागला.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. गाडी सुरू झाली की, फोन आपणहून मराठीतून उत्तर पाठवतो, ‘मी गाडी चालवत आहे. मुलाचे नाव, वय, वजन व घरात असलेल्या औषधाच्या बाटलीचा फोटो पाठवा. पोहोचताच फोन करतो. तातडी असेल तर दवाखान्याच्या क्रमांकावर बोला.’ दवाखान्यातील सिस्टर तो फोन घेतात आणि खरी निकड असेल तरच मला कळवतात. संदेश वाचून दाखवणे बंद. नकाशा निघण्यापूर्वी लावून घ्यायचा. आणि मी स्वतः एखाद्या डॉक्टरमित्राला फोन केला, तर पहिला प्रश्न, “गाडीत आहात का?” उत्तर ‘हो’ आले, तर “मग नंतर बोलू.” पहिल्यांदा काही मित्रांना हा उद्धटपणा वाटला. आता त्यांपैकी दोघे-तिघे मलाच हा प्रश्न विचारतात.

आपल्या संस्थेच्या सर्व सभासदांनी निदान एवढे करावे, अशी माझी विनंती आहे. गाडी चालवताना औषधाची मात्रा सांगायची नाही आणि सहकारी गाडीत आहे हे कळल्यावर त्याला रुग्णाविषयी विचारायचे नाही. बालरोगतज्ज्ञ आणि कुटुंबवैद्य यांनी लसीच्या तक्त्यासोबत बालासनाचाही एक प्रश्न विचारावा. आणि वाचकांतील जे आईवडील, आजी-आजोबा आहेत, त्यांनी डॉक्टरने लगेच फोन उचलला नाही म्हणून रागावू नये. जो डॉक्टर धावत्या गाडीतून लगेच उत्तर देतो, त्याच्या उत्तरावर थोडा संशय घ्यावा, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्या आजींनी तो घेतला, म्हणून मी आज हा लेख लिहू शकतो. ते मूल आता शाळेत जाऊ लागले आहे. मला पाहिले की रडते, जसे कोणत्याही निरोगी मुलाने रडावे.

फोन कपाटात आल्यापासून सौ.ंची ती लांबट वही माळ्यावर गेली होती. घाटातून परतल्यावर मी ती शोधून काढली. पाने पिवळी पडली आहेत, शाई पुसट झाली आहे. पण प्रत्येक ओळीत वजन लिहिलेले आहे आणि प्रत्येक ओळीत बाटलीवरचे नाव. गाडीच्या पडद्याने मला अजून एकदाही वजन विचारलेले नाही. तो विचारील, अशी अपेक्षाही नाही. विचारणे हे आपले काम आहे आणि ते गाडी थांबवून करायचे काम आहे.